डोलकाठी, दोर आणि दुखरी कंबर

पाच-पाच मिनिटं प्लँक धरणाऱ्यांचे, म्हणजे कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ तोलणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले की वाटतं, यांना जरा रांगायला लावावं. हात आणि गुडघे टेकून रांगायचं, मग उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे उचलायचा. कंबर तसूभरही हलू न देता दहा सेकंद थांबायचं. फिजिओथेरपिस्ट याला ‘बर्ड डॉग’ म्हणतात, कारण पक्ष्याचा माग लागलेला शिकारी कुत्रा असाच थबकतो. दिसायला मिळमिळीत प्रकार, पण पाठदुखीनंतरच्या व्यायामांत त्याला मान आहे. का, ते एका फूटपट्टीत दिसतं.

प्लास्टिकची पट्टी टेबलावर उभी धरा आणि वरून बोटाने दाबा. काही वेळ ती सरळ राहते, मग अचानक बाजूला बाक येतो. हा बाक किती भाराला येईल, याचं सूत्र गणितज्ञ ऑयलरने 1744 मध्ये मांडलं. पट्टीची लांबी दुप्पट केली, की चौथाई भारालाच ती वाकते.

आता पट्टीच्या जागी पाठीचा कणा ठेवू. ल्यूकस आणि ब्रेसलर या संशोधकांनी 1961 मध्ये मृतदेहातल्या कण्याचे स्नायू काढले, हाडांना जोडणारे अस्थिबंध शाबूत ठेवले, तळ घट्ट आवळला आणि वरून भार दिला. सुमारे 2 किलोला तो वाकला! नुसतं आपलं डोकंच 4-5 किलोचं असतं.

म्हणजे कणा हा खांब नव्हेच, ती डोलकाठी आहे. उभी राहते दोरांच्या, म्हणजे स्नायूंच्या जिवावर. दोर ताणले की काठीवरचा दाब उलट वाढतो, तरी ती जास्त स्थिर होते. कारण मधल्या एखाद्या बिंदूला दोर बांधला, की ऑयलरच्या सूत्रातली लांबी तुटते. आदर्श खांबाला बरोबर मध्यावर आधार दिला तर तो चौपट भार पेलतो. पाच समान तुकडे पडतील असे आधार दिले, तर पंचवीसपट. मल्टिफिडस हा खोलवरचा स्नायू नेमकं हेच करतो. तो दोन-चार मणक्यांपुरते आखूड दोर बांधतो. ‘सिक्स पॅक’वाला स्नायू मात्र बरगड्यांपासून थेट ओटीपोटाच्या हाडापर्यंत जातो, मधल्या एकाही मणक्याला चिकटत नाही. तो आरशासाठी उत्तम.

शिवाय नुसतं उभं राहायला हे दोर कमाल ताकदीच्या दोन-तीन टक्केच ताणावे लागतात. खरी गोष्ट वेळेची आहे. हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांना 1996 मध्ये आढळलं, की निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा पोटाचा सर्वांत आतला स्नायू खांद्याच्या स्नायूच्याही आधी आवळतो. कंबरदुखी असलेल्यांत त्याला उशीर होतो. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं, की दुखणं थांबलं तरी मल्टिफिडस आपोआप पूर्ववत होत नाही. पुनर्वसनाचा व्यायाम लागतो तो यासाठी.

‘कट’ आवाज काढून मणका जागेवर बसवणाऱ्यांचं काय? तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा. हाड कुठून कुठे जात नाही.

पाय बधिर होत असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर व्यायाम नको, तडक डॉक्टरांकडे जा. बाकीच्यांनी माकडहाडाच्या थोडं वर एक हलकी वही ठेवून बर्ड डॉग करून पाहावा. वही घसरली, तर पाय फार वर गेलाय.