बिडाच्या वॉफल साच्याला साबण चालतो
सांगलीत गणपती पेठेतनं बिडाचा तवा घ्या नाहीतर गॅसवरचा वॉफल मेकर, कोणतरी सांगतंच की साबण लावू नका, सिझनिंग जातं. हे खरं नाहीये! सिझनिंग म्हणजे नुसतं तेल नाही, तापून तापून लोखंडाला घट्ट चिकटलेला कडक थर असतो तो, आणि पूर्वीच्या साबणात कॉस्टिक सोडा राहायचा म्हणून हा थर निघायचा, आजच्या भांड्याच्या लिक्विडमध्ये कॉस्टिक सोडा नसतो. उलट वॉफलच्या खाचांत पीठ-तूप राहिलं की खवट वास येतो, पुढचा वॉफल चिकटतो. मऊ ब्रशनं बिनधास्त धुवा. खरा शत्रू पाणी, भिजत ठेवलं की गंज, त्यामुळं लगेच गॅसवर दोन्ही बाजू सुकवा, अगदी पातळ तेल पुसा.