फ्रेमचा साईझ पायावरून का ठरतो, पार्श्वभूमी

सायकल घेताना साईझ विचारला की 54, 56 किंवा मीडियम, लार्ज असं काहीतरी उत्तर मिळतं. हा आकडा मुळात पायाच्या मापाचा, आणि चुकीची सायकल घेतली की बोंबलतात मात्र मान, खांदे, तळहात. हा घोळ फार जुना आहे.

1870 च्या दशकातल्या त्या उंच चाकाच्या सायकली आठवा. चेन नव्हती, पेडल थेट पुढच्या चाकाला, म्हणजे पेडलची एक फेरी तेवढीच चाकाची एक फेरी, मग जास्त अंतर कापायचं तर चाकच मोठं हवं, आणि चाक किती मोठं घेता येईल ते ठरणार पाय कुठवर पुरतात त्यावर. थोडक्यात उंच माणसाला स्पीड फुकटात. 1885 मध्ये जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली, मागच्या चाकाला चेन लागली आणि ही भानगड मिटली.

पण पायाचं माप काही सुटलं नाही. त्यानंतर जी डायमंड फ्रेम रुळली ती स्टीलच्या नळ्या लगमध्ये (सांध्याच्या पोकळ तुकड्यात) बसवून, पितळ वितळवून जोडायचे. लगचे कोन आधीच ठरलेले आणि वरचा दांडा जमिनीला समांतर, मग वेगवेगळे साईझ काढायचे कसे, तर मुख्यतः सीटखालची नळी लांब-आखूड करून. तोच झाला साईझ, कुठे इंचात कुठे सेंटीमीटरमध्ये, त्यातही कोणी नळीच्या टोकापर्यंत मोजणार कोणी दांड्याच्या मध्यापर्यंत, म्हणजे तेवढ्यातच एक-दोन सेमीचा फरक. तरी तेव्हा त्या एका आकड्यावरून दांडा अडतो का आणि हँडल साधारण किती उंच येईल एवढं कळायचं.

फॉर्म्युलेही पायाचेच. 1967 च्या हॅम्ली आणि थॉमस यांच्या अभ्यासातून आलेला नियम म्हणजे पेडल खाली असताना तिथपासून सीटपर्यंत इनसीमच्या (पायाची आतल्या बाजूची लांबी) 109 टक्के. नंतर फ्रेंच कोच सिरिल गिमार आणि अमेरिकन रेसर ग्रेग लेमाँडमुळे 0.883 चा गुणाकार गाजला, तो बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या भुजा जिथे फिरतात तो आस) मध्यापासून सीटपर्यंत. इनसीम 80 सेमी धरा, दुसऱ्या नियमाने 70.6 येतात, पहिल्याने 87.2 आणि त्यातून 17 सेमीचा क्रँक (पेडलची भुजा) वजा केला की 70.2. म्हणजे जवळजवळ तेच, आणि हात किती लांब, धड किती लांब हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

याचा खरा त्रास बुटक्या लोकांना झाला. नळी छोटी करता येते पण वरचा दांडा त्या प्रमाणात आखूड करता येत नाही, केला तर पुढचं चाक इतकं जवळ येतं की वळताना बूट चाकाला लागतो. जॉर्जिना टेरीने 1985 मध्ये बायकांसाठी कंपनी काढली आणि सरळ पुढचं चाकच 24 इंची करून टाकलं, दिसायला विचित्र पण दांडा आखूड झाला ना!

मग माउंटन बाईकमुळे उतरता दांडा ओळखीचा झाला, आणि 1990 च्या दशकात डिझायनर माइक बरोज यांनी जायंट कंपनीसाठी टीसीआर ही सायकल काढून तो रोड बाईकवर आणला. स्मॉल-मीडियम-लार्ज एवढ्यात काम भागवायचं, बाकी सीटपोस्ट (सीटचा खांब) आणि स्टेमवर (हँडल धरणारा तुकडा) सोडायचं. कंपनीला हे सोयीचं, कमी साईझ कमी स्टॉक, पण दांडाच तिरका झाल्यावर सीटखालच्या नळीच्या लांबीला अर्थ काय उरला? त्यात त्याच काळात थ्रेडलेस हेडसेट (हँडल बसवायची बिनआट्यांची जोडणी) पसरला, आधी एक बोल्ट सैल करून हँडल वर घेता यायचं, आता फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची) नळी एकदा कापली की वर घेणं अवघड. माझ्या मते आरामाचं जास्त नुकसान यानेच केलं.

शेवटी 2000 नंतर सायकल डिझायनर डॅन एम्पफील्ड यांनी स्टॅक आणि रीच ही मापं पुढे आणली. बॉटम ब्रॅकेटपासून हेडट्यूबचं (फोर्क जिच्यात बसतो ती पुढची नळी) वरचं टोक किती वर ते स्टॅक, किती पुढे ते रीच, म्हणजे हँडलच्या बाजूने मोजणं सुरू झालं. आता बहुतेक कंपन्या हे आकडे देतात, आणि शेजारी ठेवून बघितलं तर दोन वेगळ्या मॉडेलच्या मीडियममध्ये रीचचा दोन सेमी फरक सहज सापडतो, तरी साईझ चार्टमध्ये अजून बहुतेक वेळा उंची आणि इनसीमच विचारतात.