माइल्ड आणि वाइल्ड: एकात झोपून जायचं, दुसऱ्यात भान सोडायचं नाही

स्वप्न चालू असतानाच ‘अरे, हे तर स्वप्न आहे’ हे कळणं म्हणजे ल्युसिड ड्रीम. ते क्वचित, योगायोगाने न पडता वरचेवर पडावं म्हणून सराव करणाऱ्यांच्या कानावर ते पाडायच्या दोन मार्गांची नावं लवकरच येतात: माइल्ड (MILD) आणि वाइल्ड (WILD), दोन्ही इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून बनलेली. नावं जुळ्या भावांसारखी आणि दोन्हींची वेळही पहाटेची. झोपेचं एक आवर्तन साधारण 90 मिनिटांचं असतं. त्यातला ठळक स्वप्नांचा रेम टप्पा रात्रीच्या सुरुवातीला तोकडा असतो आणि पहाटेकडे लांबत जातो. म्हणून दोन्हींसाठी चार-पाच तास झोपून मग उठायचं असतं. साम्य तेवढंच. पुढे दोघांच्या वाटा अगदी उलट दिशांना जातात, आणि नेमकं तेच न कळल्यामुळे लोक दोन्हींची सरमिसळ करून हकनाक रात्री घालवतात.

माइल्ड हे मुळात आठवणीचं काम आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणाऱ्या स्टीफन लाबर्ज यांनी ते स्वतःच्या स्वप्नांवर प्रयोग करत बसवलं आणि 1980 मध्ये शोधनिबंधातून मांडलं. ‘संध्याकाळी येताना औषध घ्यायचं’ हे आपण सकाळी ठरवतो आणि दुकान दिसताच ते आठवतं. इथे दुकानाच्या जागी स्वप्न असतं. जाग आली की नुकतंच पडलेलं स्वप्न तपशिलाने आठवायचं. त्यातली न पटणारी गोष्ट हेरायची: केव्हाच वारलेला माणूस समोर बसून बोलत होता, किंवा घराला नसलेली एक खोली होती. मग त्याच प्रसंगात आपण परत आहोत आणि या वेळी ते ओळखतो आहोत असं डोळ्यांपुढे आणायचं. ‘पुढच्या स्वप्नात हे स्वप्न आहे हे मला आठवेल’ असं मनापासून ठरवायचं आणि चक्क झोपून जायचं. वाक्य नुसतं घोकू नका. अर्थ निसटला की उरतो तो पोकळ जप.

झोपून जाणं किती मोलाचं आहे, हे अ‍ॅडलेड विद्यापीठातल्या डेनहोम अ‍ॅस्पी यांच्या 2017 च्या अभ्यासात दिसलं. माइल्ड इतर दोन तंत्रांसोबत करणाऱ्या गटाला आठवडाभरात 17 टक्के यश आलं. पण माइल्डनंतर पाच मिनिटांत झोप लागली तेव्हाच्या प्रयत्नांत ते जवळपास 46 टक्के होतं.

वाइल्डमध्ये मात्र भानाचा धागा तुटू द्यायचा नसतो. खरं तर हे एकच ठरावीक तंत्र नव्हे, स्वप्नात शिरायची ती एक रीत आहे. शरीर झोपी जातं, आपण श्वासावर किंवा मनातल्या अंकांवर हलकं लक्ष ठेवतो. मिटल्या डोळ्यांपुढे रंग, आकृत्या, तुटक दृश्यं येतात आणि त्यांतूनच स्वप्न उभं राहतं. रेम झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू लुळे पडतात. भान शाबूत असल्याने ते कधी जाणवतं: हलता येत नाही, छातीवर भार वाटतो, खोलीत कुणीतरी असल्याचा भास होतो. हे काही क्षणांत, फार तर काही मिनिटांत ओसरतं. तरी त्याची धास्ती वाटत असेल किंवा झोप आधीच विस्कटलेली असेल, तर वाइल्डच्या वाटेला जाऊ नका, असं मी कळकळीने सांगेन.

सरमिसळ होते ती अशी: माइल्डचं वाक्य म्हणत माणूस ‘झोप तर लागत नाहीये ना’ म्हणून स्वतःवर पहारा ठेवतो. मग आठवणीचं बी झोपेत रुजत नाही आणि त्या पहाऱ्याच्या ताणामुळे वाइल्डला लागणारी सैल गुंगीही येत नाही. नवख्याने निदान काही आठवडे फक्त माइल्ड करावं, तेही आठवड्यातून दोन-तीन रात्रीच.

आपल्या बाबतीत नेमकं काय घडलं हे स्वप्नवहीत पाहता येतं. भान स्वप्नाच्या मध्यावर आलं आणि त्याआधीचा काही काळ आपण स्वप्नालाच खरं मानत होतो, तर ती माइल्डची वाट. अंथरुणापासून स्वप्नापर्यंत मध्ये कुठेच खंड नसेल, तर ते वाइल्ड.