राजगिऱ्याएवढे दाणे, फिरंगाएवढी भीती

कोकणात कातडीच्या तक्रारींना तोटा नाही. पावसाळ्यात कपडे अंगावरच वाळतात, होडीवरच्या माणसाचा दिवस खाऱ्या पाण्यात जातो आणि जांघेत नायटा उठतो. त्याबद्दल माणूस चारचौघांत बोलतो, मेडिकलवाल्याकडून ट्यूबही आणतो. पण अंघोळ करताना शिश्नमण्याच्या, म्हणजे शिश्नाच्या टोकाच्या, कडेला बारीक दाण्यांची ओळ दिसली की तोच माणूस गप्प होतो. त्यातून लग्न ठरलेलं असेल तर झोपच उडते.

हे दाणे असतात राजगिऱ्याएवढे, म्हणजे एक-दोन मिलिमीटरचे. गाभोळीतली अंडी जशी एकाला एक लागून असतात तसे ते मण्याच्या घेराभोवती एका किंवा दोन-तीन ओळींत बसलेले दिसतात. रंग कातडीचा किंवा मोतिया. खाज नाही, दुखणं नाही, पाणी येणं नाही. वयात आल्यावर ते दिसू लागतात, विशी-तिशीत ठळक असतात आणि पुढे वयाबरोबर पुसट होत जातात. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत आकडे वेगवेगळे आले. कुठे दहांत एक पुरुष, कुठे जवळपास निम्मे. सुंता झालेल्यांत प्रमाण कमी आढळतं. सगळ्यात कमी आकडा धरला तरी गावच्या क्रिकेट संघात सरासरी एकाला ते असणार, आणि त्याला वाटत असतं की जगात आपण एकटेच.

हे दाणे रोग नाहीत, तरी ते म्हणजे गुप्तरोगच, ही भीती आली कुठून? माझ्या मते तिचं मूळ याच किनाऱ्यावर आहे.

१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला. पुढच्या काही दशकांत गोवा, चौल, वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. त्यांच्या गलबतांबरोबर सिफिलिसही आला असं मानलं जातं. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात या रोगाला ‘फिरंग’ असं सरळ नाव दिलं आहे. फिरंग्यांचा रोग म्हणून फिरंग. ‘उपदंश’ हा शब्द त्याच्या कितीतरी आधीचा, सुश्रुतसंहितेतला. पण त्यात जननेंद्रियाची अनेक दुखणी एकत्र बांधलेली होती. बोली मराठीत सिफिलिसला ‘गर्मी’ आणि गनोरियाला ‘परमा’ हे दोन शब्द रुळले, आणि गर्मी म्हटलं की पुढचं काही विचारायची सोय उरली नाही. इथेच घोटाळा झाला. भाषेत रोगांना नावं मिळाली, निरोगी दाण्यांना एकही मिळालं नाही. ज्याला नाव नाही ते दिसलं की माणूस जवळचं नाव उचलतो.

मग गिरण्या आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रत्नागिरी जिल्ह्यातली तरुण मुलं मुंबईला जाऊ लागली. बायको-मुलं गावी, आपण परळ-लालबागच्या एका खोलीत दहा-पंधरा जणांत, जेवण खाणावळीत, आणि घरी येणं शिमग्याला नाहीतर गणपतीला. अशा चाकरमान्याच्या अंगावर फोड दिसला की गावाला मुंबईचाच संशय यायचा. तो दर वेळी खोटा नव्हता, गुप्तरोग खरोखरच होते. त्यासाठी सरकारने १८६८ मध्ये कायदा केला आणि वेश्याव्यवसायातल्या बायकांची सक्तीने तपासणी सुरू केली. १८८८ मध्ये तो रद्द झाला. या कायद्यात गिऱ्हाईक पुरुषाची तपासणी कुठेच नव्हती. त्यामुळे बाईच्या देहाच्या नोंदी झाल्या, आणि पुरुषाला स्वतःच्या देहावर काय स्वाभाविक असतं हेही कोणी सांगितलं नाही.

तिकडे युरोपात शरीरशास्त्रज्ञांची या दाण्यांशी जुनी ओळख होती, फक्त ती चुकीची होती. सतराव्या शतकाअखेरच्या एडवर्ड टायसन या इंग्रज वैद्याचं नाव तिथल्या ग्रंथींना चिकटलं आणि दाणे म्हणजे त्या ग्रंथीच, असा समज दीर्घकाळ राहिला. १९६०-७० च्या दशकांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळलं की त्यात ग्रंथी नाहीतच. बारीक रक्तवाहिन्या आणि तंतुमय ऊती, बस्स. (याच टायसनने १६९९ मध्ये चिंपांझीच्या विच्छेदनावर ग्रंथ लिहिला. चिंपांझीच्या शिश्नावर बारीक काटे असतात. ते घडवणारा जनुकीय भाग माणसात गळून गेला आहे, असं २०११ मध्ये दाखवलं गेलं. आपले दाणे म्हणजे त्या काट्यांचा उरलेला माग, असं काही जण म्हणतात. मला ते सिद्ध झालेलं वाटत नाही, पण टायसनला ऐकायला आवडलं असतं.) चामखिळीच्या विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, या दाण्यांत शोध घेतला गेला, तोही १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत सापडला नाही.

याच घराण्यातले आणखी दोन निरुपद्रवी प्रकार १८९६ मध्ये अमेरिकन त्वचातज्ज्ञ जॉन फोर्डाइस यांनी नोंदवले. एक, रव्याच्या कणांसारखे फिकट पिवळे ठिपके. त्या केस नसलेल्या तेलग्रंथी असतात. फोर्डाइसना ते ओठांवर आणि गालाच्या आतल्या बाजूला दिसले होते, पण शिश्नाच्या कातडीवरही ते सर्रास असतात. दुसरा प्रकार अंडकोशाच्या पिशवीवरचा, पिकल्या करवंदाच्या रंगाचे बारीक ठिपके. ते उतारवयात वाढतात आणि खाजवले तर रक्त येतं, म्हणून माणूस जास्तच घाबरतो.

मराठीत हे सांगायचा प्रयत्न कोकणातल्याच एका माणसाने केला. र. धों. कर्वे मूळ दापोलीजवळच्या मुरूडचे. १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं दिली. १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला तो अशा उत्तरांवरूनच. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्व्यांना दंड झाला.

डॉक्टर बोलत नव्हते तिथे भिंती बोलल्या. ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’, लॉजचा पत्ता, ठरलेला वार. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी एसटी स्टँडच्या मुतारीत त्या आम्ही सगळ्यांनी वाचल्या आहेत. घरगुती इलाज तर त्याहून भयंकर. चामखिळीला घोड्याचा केस बांधतात, बिब्बा लावतात, चुना लावतात. तोच बिब्बा या नाजूक जागी लावला तर कातडी भाजून निघते. नायट्याची स्टेरॉइडवाली ट्यूब चोळली तर दाणे जात नाहीत, कातडी मात्र पातळ होते. १९८६ नंतर एड्सची धास्ती आली आणि साध्या दाण्यालाही नवं नाव मिळालं.

खरी चामखीळ वेगळी दिसते. ती ओळीत बसत नाही. एका ठिकाणी उगवते, वाढते, पसरते, फुलकोबीसारखी खरखरीत होते. त्यातल्या बहुतेक एचपीव्हीच्या ६ आणि ११ या प्रकारांनी होतात. जखम पडली, पाणी किंवा पू आला, जांघेत अवधान, म्हणजे गाठ, आलं, नवा फोड वाढत चालला, तर मात्र तपासणी हवीच. सरकारी जिल्हा रुग्णालयात त्यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. मोतिया दाण्यांचं निदान डॉक्टर बहुधा नुसतं पाहूनच करतात, त्यासाठी रक्त काढावं लागत नाही. ते संसर्गाने येत नाहीत, बायकोला लागत नाहीत, मूल होण्याच्या आड येत नाहीत. मोठ्या शहरांत लेझरने ते काढूनही देतात. वैद्यकीय गरज म्हणून नाही, माणसाच्या मनाला खटकतात म्हणून.