साडेचारशे कोटींचा खेळाडू स्वस्त कसा?

नोव्हेंबर 2024 मध्ये आयपीएलच्या लिलावात ऋषभ पंतला 27 कोटी मिळाले आणि सोलापुरात चहाच्या गाड्यांवर सगळ्यांनाच हिशेब सुचायला लागला. त्याच हंगामात अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये स्टीफन करीचा वर्षाचा पगार होता 5 कोटी 57 लाख डॉलर, म्हणजे साडेचारशे कोटी रुपयांच्या पुढे. एनबीएचे सामने आपल्याकडे पहाटे आणि सकाळी दिसतात. इथल्या कॉलेजच्या कोर्टवर खेळणारी पोरं ते मोबाइलवर बघूनच मैदानात उतरतात. पगाराचे आकडे त्यांना पाठ, आणि प्रश्नही त्यांचाच: "काय बे, एवढे पैसे कशाला देतेत? बॉल तर जाळीतच टाकायचाय की!"

प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर आपल्याला वाटतं त्याच्या उलट निघतं. ज्याच्या पगाराची बातमी होते तो खेळाडू बहुतेक वेळा संघाला स्वस्तात पडलेला असतो. महाग पडतो तो मधल्या फळीतला, ज्याचं नाव आपण ऐकलेलंही नसतं.

आधी हे पैसे येतात कुठून ते बघू. टीव्हीचे हक्क, तिकिटं, जाहिराती यांतून लीगला जे उत्पन्न मिळतं, त्यातला साधारण निम्मा वाटा करारानुसार खेळाडूंचा असतो. म्हणजे उद्या सगळ्यांचे पगार अर्धे केले तर तिकीट स्वस्त होणार नाही, उरलेला पैसा मालकांच्या खिशात जाईल. उत्पन्न एवढं अवाढव्य का, हे शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने 1981 मध्येच मांडलं होतं. डॉक्टर कितीही नावाजलेला असला तरी दिवसाला ठरावीकच रुग्ण तपासू शकतो. करीने टाकलेला एक बॉल मात्र दहा हजार लोकांनी पाहिला काय आणि दहा कोटींनी पाहिला काय, त्याला घाम तेवढाच येतो. त्यामुळे जो थोडासा सरस, त्याच्याकडे बाजार जवळजवळ सगळाच वळतो. हे न्याय्य आहे का, हा वेगळा वाद. मला स्वतःला ते खटकतं, पण त्याचं उत्तर बास्केटबॉलमध्ये सापडणार नाही.

या लेखापुरता प्रश्न एवढाच आहे की वाट्याला आलेल्या पैशांतून कोणाला किती मिळतं, आणि तो त्या बदल्यात किती विजय मिळवून देतो.

विजय पाच जण मिळून मिळवतात, मग एकाचा हिस्सा काढायचा कसा? नुसते गुण मोजून भागत नाही. एका सराव सामन्यात मी वही घेऊन कोर्टाच्या कडेला बसलो होतो. प्रत्येक बदलीच्या वेळी आत कोण, बाहेर कोण आणि तेव्हाचा स्कोअर, एवढंच टिपायचं होतं. संघातला सगळ्यात जास्त गुण करणारा मुलगा आत असताना संघ एकूण मागे पडत होता. एका बुटक्या, अबोल पोराच्या नावावर जेमतेम चार गुण होते, पण तो आत आला की संघ पुढे सरकायचा. तो समोरच्याच्या वाटेत उभा राहायचा, सुटलेल्या बॉलवर झेपावायचा, मोकळ्या माणसाकडे पास द्यायचा. स्कोअरशीटमध्ये यातल्या एकाही गोष्टीला रकाना नसतो.

या मोजणीला 'प्लस-मायनस' म्हणतात. खेळाडू कोर्टवर असताना आपल्या संघाचे गुण वजा समोरच्या संघाचे गुण. अडचण उघड आहे: चांगल्या चौघांबरोबर खेळणाऱ्या सामान्य माणसाचाही आकडा फुगतो. डॅन रोझेनबॉम या अर्थशास्त्रज्ञाने 2004 मध्ये यावर एक पद्धत मांडली. दोन बदल्यांमधला खेळाचा प्रत्येक तुकडा हे एक समीकरण मानायचं. त्यात कोर्टवरचे दहा जण हे दहा अज्ञात आणि गुणांचा फरक हे उत्तर. हंगामभरात अशी हजारो समीकरणं जमतात, ती एकत्र सोडवली की प्रत्येकाचा वेगळा हिस्सा निघतो. पण जे दोघे कायम जोडीनेच खेळतात, त्यांचा हिस्सा गणिताला वेगळा करता येत नाही. मग एकाला भरमसाट अधिक आणि दुसऱ्याला भरमसाट उणे अशी हास्यास्पद उत्तरं येतात. 2010 मध्ये जो सिल याने त्यावर 'रिज रिग्रेशन' वापरलं. त्याचं सूत्र असं की पुरावा भक्कम मिळेपर्यंत प्रत्येक जण सर्वसाधारणच समजायचा, आकडा शून्याकडे ओढून धरायचा. आज संघ जे हिशेब करतात, त्यांतल्या बऱ्याच पद्धतींच्या पोटात हीच कल्पना आहे.

आता किंमत काढू. 2024-25 मध्ये एका संघाची पगारमर्यादा, म्हणजे सगळ्या खेळाडूंच्या पगारांसाठी मिळून लीगने आखलेली ढोबळ रक्कम, होती 14 कोटी 6 लाख डॉलर. समजा, अगदी किमान पगाराच्या खेळाडूंचा संघ 82 पैकी 10 सामने जिंकेल. सरासरी संघ 41 जिंकतो. म्हणजे वरचे 31 विजय पैशाने घेतलेले, एक विजय ढोबळमानाने 45 लाख डॉलरला. एखादा अव्वल खेळाडू एकट्याच्या बळावर 15 विजयांची भर घालत असेल, तर त्याची किंमत पावणेसात कोटी डॉलर होते. पण नियम सांगतो की दहा हंगाम खेळलेल्या खेळाडूलाही नव्या कराराच्या पहिल्या वर्षी मर्यादेच्या 35 टक्क्यांहून जास्त देता येत नाही, म्हणजे 4 कोटी 92 लाख. वरचे पावणेदोन कोटींहून जास्त डॉलर संघाला फुकट. दहा विजयांचा आकडा मी धरलेला आहे. तो थोडा इकडेतिकडे केला तरी चित्र फारसं बदलत नाही.

15 विजय फार वाटतात? क्रिकेटमध्ये टी-20 चा गोलंदाज चार षटकं टाकतो आणि थांबतो. बास्केटबॉलमध्ये कोर्टवर पाचच जण असतात आणि उत्तम खेळाडू 48 पैकी 35-36 मिनिटं आत असतो. लेब्रॉन जेम्स क्लीव्हलँडकडे असताना 2009-10 मध्ये त्या संघाने 61 सामने जिंकले. तो मायामीला गेला आणि पुढच्या हंगामात क्लीव्हलँड 19 वर आलं, त्यात सलग 26 पराभव. प्रशिक्षक बदलले होते, आणखी काही खेळाडूही गेले होते, म्हणून सगळे 42 विजय लेब्रॉनच्या खात्यावर टाकता येत नाहीत. निम्मे टाकले तरी पुरे.

वैयक्तिक पगारावर ही मर्यादा कायम नव्हती. 1997-98 मध्ये मायकेल जॉर्डनचा पगार 3 कोटी 31 लाख डॉलर होता आणि अख्ख्या संघाची मर्यादा होती 2 कोटी 69 लाख! मालकांनी त्यानंतर टाळेबंदी केली आणि 1999 च्या करारात खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा घातली. गंमत अशी की जॉर्डनचा फायदा फक्त त्याच्या शिकागो संघाला होत नव्हता. हाउसमन आणि लिओनार्ड या अर्थशास्त्रज्ञांच्या हिशेबानुसार एका हंगामात इतर संघांनाच त्याच्यामुळे सुमारे 5 कोटी 30 लाख डॉलरची कमाई झाली होती. तो ज्या गावी खेळायला जाई तिथली तिकिटं खपत, टीव्हीवर प्रेक्षक वाढत. ते पैसे त्याच्या पगारात कधीच आले नाहीत.

मग ताऱ्यांचे वाचलेले पैसे जातात कुठे? वाटा ठरलेला असल्यामुळे ते खेळाडूंमध्येच वाटावे लागतात. नवख्यांचे पगार, लीगमध्ये येताना संघांनी त्यांना कितव्या क्रमांकावर निवडलं त्यानुसार, आधीच बांधलेले असतात. उरतो मधला थर.

2016 चा उन्हाळा याचं उत्तम उदाहरण आहे. टीव्हीच्या नव्या कराराने पगारमर्यादा एका झटक्यात 7 कोटींवरून 9 कोटी 41 लाख डॉलरवर गेली. सगळ्यांच्या हातात पैसा, बाजारात माल तेवढाच. लॉस एंजेलिस लेकर्सने तिमोफे मोझगोव्हला चार वर्षांसाठी 6 कोटी 40 लाख दिले, एकतिशीतल्या लुओल डेंगला चार वर्षांसाठी 7 कोटी 20 लाख. मोझगोव्हला वर्षभरात दुसऱ्या संघाकडे पाठवलं. डेंग पहिल्या हंगामात 56 सामने खेळला, दुसऱ्यात एक. 2018 मध्ये लेकर्सने त्याचा करार मोडीत काढला आणि उरलेली रक्कम पुढे हप्त्यांनी भरत राहिले. त्याच 2016-17 मध्ये करी लागोपाठ दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला होता आणि त्याचा पगार होता 1 कोटी 21 लाख. डेंगचा 1 कोटी 80 लाख. करीने 2012 मध्ये घोट्याच्या दुखण्यात असताना चार वर्षांचा स्वस्त करार केला होता, त्याचं ते शेवटचं वर्ष.

लेकर्सचे लोक अडाणी होते असं नाही. हाच फास सांगोला-मंगळवेढ्याकडे डाळिंबाची बाग उक्ती घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही बसतो. तो झाडांमधून फिरतो, पाच-दहा झाडांची फळं मोजतो, पान उलटून तेल्या रोगाचा डाग बघतो आणि माल किती निघेल याचा अंदाज बांधून एकरकमी भाव सांगतो. दहा व्यापारी आले तर कोणाचा अंदाज कमी, कोणाचा जास्त, सरासरी बरोबरच्या जवळ. पण बाग मिळते ती सगळ्यात जास्त बोलणाऱ्याला, म्हणजे ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकला असण्याची शक्यता आहे त्याला. मुरलेला व्यापारी म्हणूनच मनातल्या आकड्यातून काही कापूनच बोलतो. याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावात कंपन्यांच्या हाती अपेक्षेपेक्षा कमी का लागतं, हे शोधताना केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी 1971 मध्ये तो दाखवून दिला.

अव्वल खेळाडूच्या बाबतीत हा शाप सहसा लागत नाही. बोली कमाल मर्यादेला टेकली की त्यापुढे कोणालाच जाता येत नाही. मधल्या थरात मात्र मोकळं रान.

त्यात नशिबाची भर पडते. लांबून टाकायच्या तीन गुणांच्या बॉलचे 400 प्रयत्न करणारा, 36 टक्के अचूक असलेला खेळाडू घ्या. हंगामात त्याचे 144 बॉल आत जायला हवेत. पण नाणेफेकीसारख्या निव्वळ योगायोगाने हा आकडा 125 ते 163 मध्ये कुठेही येऊ शकतो, म्हणजे 31 टक्के ते 41 टक्के. कौशल्य तेच, पण 41 टक्क्यांच्या वर्षानंतर करार संपत असेल तर तो नेमबाज म्हणून विकला जातो आणि पुढच्या वर्षी 36 वर येतो. मग लोक म्हणतात, पैसा मिळाला आणि माजला. केव्हिन स्टिरो याने 2007 मध्ये एनबीएचे आकडे तपासले तेव्हा दीर्घ कराराच्या आधीच्या वर्षी कामगिरी वर जाते आणि सही झाल्यावर उतरते, असंच आढळलं. काही जण खरंच हात आखडता घेत असतील. पण ज्यांचं वर्ष चांगलं गेलं त्यांनाच मोठे करार मिळतात, त्यामुळे आळस शून्य धरला तरी घसरण दिसणारच. शिवाय पैसे मागच्या खेळाचे मोजायचे आणि मिळणार पुढची चार वर्षं, तीही बहुधा तिशीनंतरची.

2025-26 पासून टीव्हीचा आणखी मोठा करार सुरू झाला, 11 वर्षांचा, सुमारे 7,600 कोटी डॉलरचा. या वेळी मात्र पगारमर्यादा वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढू द्यायची नाही असं आधीच ठरलं होतं. त्यामुळे पहिल्या वर्षी ती 14 कोटी 6 लाखांवरून 15 कोटी 46 लाखांवर गेली, बरोबर 10 टक्के. 2016 सारखी झुंबड यामुळे टळते. कमाल पगाराचा 35 टक्क्यांचा नियम मात्र तसाच ठेवला आहे.