रूळ सरळ, गाडी सुसाट

पुण्यात वनाजला मेट्रोत बसताना उघडलेली १५० पानांची ग्राफिक कादंबरी रामवाडी यायच्या आत संपली. भिंतीआड कोंडलेलं शहर, मोजून मिळणारं पाणी, तळहातातून ज्वाळा काढणारी मुलगी आणि तिच्या मागावर शिपाई. चित्रं अशी की एक पान वाचतानाच बोट पुढच्या पानाच्या कोपऱ्यावर. उतरल्यावर भाचीनं विचारलं, "मामा, पण गोष्ट काय होती?" दोन वाक्यांत माझी गोष्ट संपली. पुस्तकाचं नाव मुद्दामच देत नाही. चित्रं सुसाट आणि कथानक बारीक, हे दुखणं त्या एका पुस्तकाचं नाही; डिस्टोपियाच्या, म्हणजे काळ्याकुट्ट भविष्याच्या चित्रकादंबऱ्यांच्या घराण्यातच ते चालत आलंय. आणि त्याचं मूळ लेखकाच्या आळसात कमी, नियतकालिकांच्या पानांत जास्त सापडतं.

ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९७७ मध्ये '२००० एडी' हे चित्रकथांचं साप्ताहिक निघालं. दुसऱ्याच अंकात जज ड्रेड आला. त्याचे जनक लेखक जॉन वॅग्नर आणि चित्रकार कार्लोस एझ्केरा. पोलीस तोच, न्यायाधीश तोच, जागेवर शिक्षा देणाराही तोच. एका कथेला आठवड्याला मिळायची साधारण पाच-सहा पानं. तेवढ्यात मागचं आठवून द्यायचं, हाणामारी दाखवायची आणि शेवटच्या चौकटीत कुणाला तरी कड्यावर लटकवून ठेवायचं. पात्राच्या मनात डोकवायला जागा उरते कुठे? आठवडाभराच्या अंतरानं वाचताना हे खटकत नाही. तेच भाग सलग बांधून पुस्तक केलं की मात्र दर सहाव्या पानाला शिवण दिसते.

जपानमध्ये पानांची चणचण नव्हती, तरी वेग तोच. कात्सुहिरो ओतोमो यांची 'अकिरा' ही चित्रकथा १९८२ ते १९९० या काळात 'यंग मॅगझिन'मध्ये १२० भागांत आली. सहा खंड, २,००० हून जास्त पानं. पण जाडी बघून घाबरायचं कारण नाही. कित्येक पानांवर एक शब्दही नाही. मोटारसायकलच्या मागच्या दिव्याची रेघ लांबत जाते, इमारती कोसळतात, नजर घसरत खाली येते. मजा म्हणजे त्या कोसळणाऱ्या इमारतींची खिडकीन् खिडकी हातानं काढलेली आहे. महिनोन्महिने खपून काढलेलं आपण काही सेकंदांत मागे टाकतो. चित्रकथेचं हे गणित पहिल्यापासूनच असं उफराटं आहे.

फ्रेंचांची गोष्ट सगळ्यात बोलकी. १९७४ मध्ये मोबियस, फिलिप द्रुइये हे चित्रकार आणि मंडळींनी 'मेताल ह्युर्लां' हे चित्रकथांचं नियतकालिक काढलं. तिथे कथानकाची पर्वा फारशी नव्हती, चित्रं मात्र पाहत राहावी अशी. पुढे १९७८ मध्ये कास्तेरमान प्रकाशनाचं 'आ स्विव्र' हे मासिक आलं. या नावाचा अर्थ चक्क 'क्रमशः'. आपल्याकडे मासिकातल्या कादंबरीच्या तळाशी कंसात जो शब्द असायचा, तो त्यांनी थेट मुखपृष्ठावर चढवला. त्यातच १९८२ मध्ये झाक लोब आणि झाँ-मार्क रोशेत यांची 'ल ट्रान्सपर्सनेज' सुरू झाली. जग गोठलंय, १००१ डब्यांची एक आगगाडी न थांबता फिरतेय. शेपटाकडे कंगाल, इंजिनाकडे श्रीमंत. एक माणूस शेवटच्या डब्यातून पुढे जातो. झालं, कथानक एवढंच. रुळासारखं सरळ. पण प्रत्येक डब्याचं दार उघडताना या समाजाचा एकेक थर दिसत जातो. तिच्यावरून २०१३ मध्ये 'स्नोपिअर्सर' हा सिनेमा झाला. म्हणजे बारीक कथानक हा दर वेळी दोषच असतो असं नाही. रूळ साधे चालतात, डबे रिकामे चालत नाहीत. आमच्या मेट्रोतल्या पुस्तकात मला बहुतेक डबे रिकामे वाटले.

उलट उदाहरणही त्याच काळातलं. ॲलन मूर आणि डेव्हिड लॉइड यांची 'व्ही फॉर व्हेंडेटा' १९८२ मध्ये 'वॉरियर' या ब्रिटिश मासिकात सुरू झाली. ते बंद पडल्यावर ती काही वर्षं अर्धवट लटकली आणि डीसी या अमेरिकी प्रकाशनानं १९८८-८९ मध्ये पुरी केली. ध्वनीचे शब्द नाहीत, मनातल्या विचारांचे फुगे नाहीत. 'धाड्', 'खण्ण' काढून टाकलं की वाचणारा आपसूक सावकाश होतो. क्रमशः छापूनही घट्ट कथानक जमतं, याचा हा पुरावा.

आपल्याकडे चित्रांतून गोष्ट नवी नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात चित्रकथीची जुनी पानं आहेत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत अशी सुटी पानं एकेक करून धरत आणि वीणा, टाळ, हुडुकाच्या साथीनं रामायण-महाभारतातलं आख्यान लावत. त्या पानात कथानक भरावंच लागत नसे, ते ऐकणाऱ्याला आधीच पाठ असे. डिस्टोपियाचंही आता तसंच झालंय. भिंत, शिपाई, निवडलेली मुलगी हे वाचकाला पाठ आहे, म्हणून चित्रकार सुसाट सुटतो. फरक एवढाच की चित्रकथीच्या शेजारी गाणारा माणूस बसलेला असायचा.

भारतात पहिली ग्राफिक कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती ओरिजीत सेन यांची 'रिव्हर ऑफ स्टोरीज', १९९४ ची. प्रकाशक कल्पवृक्ष, ज्या संस्थेचं काम पुण्यातूनही चालतं. विषय नर्मदेचं धरण. तिथे भविष्यातलं शहर रचावं लागलं नाही, बुडणारी गावं समोरच होती. २०१० मध्ये विश्वज्योती घोष यांनी 'दिल्ली काम'मध्ये आणीबाणी घेतली. या दोन्ही पुस्तकांना मेट्रोचा एक फेरा पुरत नाही, हे मी करून पाहिलंय.

परतीच्या गाडीत पुस्तक भाचीनं घेतलं. मी पुण्यातल्या पाण्याच्या टँकरबद्दल काहीतरी बोलत होतो, तिचं लक्ष नव्हतं. गरवारे कॉलेज आलं तरी ती एकाच पानावर. पाण्याच्या रांगेचं ते चित्र मी पाहिल्या न पाहिल्यासारखं करून उलटलं होतं. "मामा, प्रत्येक हंड्यावर नंबर आहे," ती म्हणाली. "आणि सतरा नंबरचा हंडा दोन बायकांकडे आहे."