दंडातली कांडी आणि पित्ताशयातले खडे

दंडात बसवतात त्या गर्भनिरोधक कांडीने पित्ताशयात खडे होतात का? आधी पित्ताशय काय करतं ते पाहू. ठाण्यात मामलेदार कचेरीजवळची मिसळ खाल्ली की तर्रीतलं तेल जठरातून लहान आतड्यात उतरतं. त्याची चाहूल लागताच आतड्याच्या तोंडाकडच्या भागातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं आणि यकृताखालची पित्ताशयाची पिशवी आकसते. आत साठलेलं 30 ते 50 मिलिलिटर घट्ट पित्त आतड्यात येतं आणि तेल पचायला लागतं. ही पिशवी वेळच्या वेळी रिकामी व्हायला हवी. पित्तात कोलेस्टेरॉल असतं. ते जास्त झालं किंवा पित्त साचून राहिलं, की आधी गाळ धरतो, मग खडे.

बायकांची हॉर्मोन्स या दोन्ही गोष्टींत ढवळाढवळ करतात. इस्ट्रोजेनमुळे यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. प्रोजेस्टेरॉन स्नायू सैलावतं, त्यामुळे पिशवी नीट आकसत नाही. गरोदरपणात दोन्ही चढलेली असतात, म्हणून तेव्हा सोनोग्राफीत गाळ दिसणं नवलाचं नाही; बाळंतपणानंतर तो पुष्कळदा आपोआप जातोही. खड्यांचा त्रास पुरुषांपेक्षा बायकांत दोन-तीन पट जास्त, तो काही उगाच नाही.

आता गर्भनिरोधक कांडी. 4 सेंटिमीटर लांब, 2 मिलिमीटर जाड, काडेपेटीतल्या काडीएवढी. दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली बसवतात; बोट फिरवलं तर हाताला लागते. तिच्यात 68 मिलिग्रॅम इटोनोजेस्ट्रेल असतं, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं कृत्रिम हॉर्मोन. इस्ट्रोजेन अजिबात नाही. माला-डीसारख्या मिश्र गर्भनिरोधक गोळीत दोन्ही प्रकारची हॉर्मोन्स असतात, म्हणून तिच्यावरचा खड्यांचा संशय जुना आहे. कांडीवर उरतो तो निम्माच: पिशवी सुस्तावण्याचा.

या निम्म्या संशयाला थोडा आधार आहे. नॉरप्लांट या जुन्या, सहा कांड्यांच्या प्रकारावर आठ देशांत सुमारे 16 हजार बायकांचा पाठपुरावा झाला; श्रीलंका आणि बांगलादेशही त्यात होते. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कांड्यावाल्यांत पित्ताशयाचे आजार इतरांच्या सुमारे दीडपट दिसले. दीडपट ऐकून दचकायला होतं, पण मूळ आकडाच लहान होता. शिवाय त्या कांड्यांतलं हॉर्मोन वेगळं होतं, लेव्होनॉर्जेस्ट्रेल. ते निष्कर्ष आजच्या एका कांडीला जसेच्या तसे चिकटवणं मला पटत नाही.

दुसरी अडचण वेळेची. कांडी बहुतेकदा बसवली जाते ती एक-दोन बाळंतपणं झाल्यावर. खडे धरायला गरोदरपणच पुरेसं असतं, आणि नंतर वजन झपाट्याने उतरवलं तर त्यात भर. त्यामुळे कांडीनंतर वर्षभरात दुखू लागलं, तरी खडा आधीचा असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार पित्ताशयाचा त्रास चालू असलेल्या बाईलाही कांडी सहसा चालते. मिश्र गोळी मात्र शक्यतो टाळावी.

कळव्यात काय नि ऐरोलीत काय, असं दुखणं पहिल्यांदा 'गॅस' म्हणूनच मिरवतं. लग्नाचं जेवण झाल्यावर रात्री उजव्या बरगडीखाली कळ येते, ती पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते, मळमळतं. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून अँटासिड येतं. दोन-तीनदा असं झाल्यावर उपाशीपोटी सोनोग्राफी. तिथे विचारतात, 'काही औषधं चालू?' उत्तर येतं, 'काही नाही.' कांडी रोज गिळायची नसते, मग ती औषधात कोण धरणार? पण सर्जनला ती सांगायलाच हवी, आणि ज्यांनी बसवली त्या डॉक्टरांना खडे सांगायला हवेत.

कांडी काढली की आठवडाभरात हॉर्मोन रक्तातून जातं. धरलेले खडे मात्र त्याने विरघळत नाहीत. सोनोग्राफीत सापडलेल्या, न दुखणाऱ्या खड्यांना बहुधा हात लावत नाहीत; वारंवार दुखत असतील तर दुर्बिणीतून पित्ताशयच काढतात, कांडी दंडात असो वा नसो. कळ तासन्‌तास थांबली नाही, सोबत ताप-थंडी आली किंवा डोळे पिवळे दिसले, तर अँटासिड बाजूला ठेवून तेव्हाच रुग्णालय गाठावं.